समजून घ्या : जुन्या गाडीत कूलंट कोणते, किती आणि कधी टाकावे? बाटलीचा रंग पाहून निर्णय का घेऊ नये?

उन्हाळ्यात घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य. यातल्या बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षे जुन्या असतात आणि चालकाच्या हातात पाण्याची बाटली असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपली तरी फिटनेस तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे मारुती ८००, वॅगन आर, सँट्रो किंवा इंडिका अजूनही अनेक घरांत रोजच्या वापरात आहेत. अशा गाडीचे इंजिन एकदा जास्त तापले आणि हेडचे काम निघाले, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाऊ शकतो. मग चांगली चालणारी गाडी भंगारात काढण्याची वेळ येते. हे टाळण्यासाठी काहीशे रुपयांचे कूलंट पुरते. मात्र ते योग्य प्रकारचे हवे, योग्य प्रमाणात हवे आणि योग्य जागी ओतलेले हवे.

कूलंट नेमके करते काय?

पेट्रोल किंवा डिझेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरवायला उपयोगी पडतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनच्या धातूत शिरते. ती सतत बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांत इंजिनाचे नुकसान सुरू होते. वॉटर पंप (गॅरेजच्या भाषेत ‘वॉटर बॉडी’) कूलंटला इंजिनमधून फिरवतो, रेडिएटरच्या जाळीत ते थंड होते आणि पुन्हा इंजिनमध्ये येते.

कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात. पहिली पाणी. उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. दुसरी ग्लायकॉल, बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल. ते उत्कलनबिंदू वाढवते आणि गोठणबिंदू कमी करते. तिसरी म्हणजे गंजरोधक रसायने. प्रमाणात ती सगळ्यात कमी, पण जुन्या गाडीसाठी महत्त्व त्यांचेच जास्त. इंजिनचे ब्लॉक ओतीव लोखंडाचे, हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटर ॲल्युमिनियमचा किंवा तांबे-पितळेचा, शिवाय रबरी पाइप आणि सील. एकाच द्रवात इतके वेगवेगळे धातू बुडाले की गंज लागणारच. तो रोखण्याचे काम ही रसायने करतात आणि काम करता करता संपत जातात. म्हणूनच ‘कूलंट दिसते तर हिरवेच’ म्हणून ते चांगलेच असेल, असे नाही.

साध्या पाण्यावर गाडी चालते, मग कूलंटचा खर्च कशाला?

पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी ते ९५-९६ अंशांनाच उकळते. इंजिनचे नेहमीचे तापमान ८५ ते १०५ अंशांच्या घरात असते. रेडिएटरचे झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असेल, तर त्याच दाबाखाली तो १२५ अंशांच्याही पुढे जातो. जुन्या गाडीत झाकणाची स्प्रिंग थकलेली असते, रबर कडक झालेले असते आणि दाब पूर्ण धरला जात नाही. तिथे हे जादा अंश कामी येतात.

आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न फारसा येत नाही. लडाख किंवा स्पितीला गाडी नेणाऱ्यांना मात्र निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उणे ३७ अंशांपर्यंतचा गोठणबिंदू गरजेचा असतो. महाराष्ट्रातला मोठा शत्रू थंडी नाही, पाण्यातले क्षार आहेत. राज्याच्या अनेक भागांत बोअरवेलचे पाणी जड असते. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमधल्या वाहिन्यांत बसतो. हा थर उष्णता अडवतो. नळाच्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. त्यामुळे वर्षानुवर्षे पाण्यावर चाललेली गाडी आजवर तापली नसेल, पण तिचा रेडिएटर आतून किती शिल्लक आहे हे बाहेरून कळत नाही.

हिरवे, लाल, निळे, गुलाबी : रंगाचा अर्थ काय?

कूलंटचा रंग हा फक्त मिसळलेला रंग आहे. गळती दिसावी आणि कंपनीची ओळख राहावी एवढाच त्याचा उपयोग. सर्व कंपन्यांना लागू होणारा रंगाचा कोणताही नियम नाही. एका कंपनीचे हिरवे जुन्या पद्धतीचे असेल, तर दुसरीचे हिरवे पूर्ण वेगळ्या रसायनाचे. खरा फरक गंजरोधकांचा आहे आणि त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

आयएटी : सिलिकेट, फॉस्फेट अशी अकार्बनी रसायने. धातूवर लगेच संरक्षक थर बसतो, पण रसायने लवकर संपतात. आयुष्य साधारण दोन वर्षे.

ओएटी : सेंद्रिय आम्लांवर आधारलेले. गरज असेल तिथेच काम करते, म्हणून जास्त टिकते. साधारण पाच वर्षे. मात्र तांबे-पितळेच्या आणि शिशाच्या डागाने जोडलेल्या जुन्या रेडिएटरला ते मानवेलच असे नाही.

एचओएटी : दोन्हींचा संकर. सेंद्रिय आम्लांसोबत थोडे सिलिकेट किंवा फॉस्फेट.

यातही प्रदेशानुसार फरक आहे. जपानी आणि कोरियन कंपन्यांनी पारंपरिकपणे फॉस्फेट असलेले, पण सिलिकेट नसलेले कूलंट पसंत केले. कारण सिलिकेटमुळे पंपाच्या सीलची झीज होते, असा त्यांचा अनुभव होता. युरोपात पाणी जड, फॉस्फेटचा त्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन थर बसतो. म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळले आणि सिलिकेट वापरले. एकाच रस्त्यावर धावणाऱ्या जपानी वंशाच्या वॅगन आरला आणि जर्मन वंशाच्या पोलोला वेगवेगळे कूलंट सांगितले जाते, ते यामुळे.

मग जुन्या गाडीसाठी निवड कशी करायची?

पहिला आधार म्हणजे गाडीसोबत आलेले मॅन्युअल. ते हरवले असेल, तर त्या मॉडेलचे मॅन्युअल बहुधा इंटरनेटवर मिळते किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येते. त्यात कूलंटचा प्रकार आणि एकूण क्षमता दिलेली असते. लहान गाड्यांत ती साधारण चार-पाच लिटरच्या आसपास असते.

दुसरा आधार बाटलीमागचा बारीक मजकूर. पुढच्या बाजूचे ‘लाँग लाइफ’, ‘सुपर’ हे शब्द जाहिरातीचे. मागे भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखाद्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे. कूलंट ओएटी आहे की एचओएटी, सिलिकेटमुक्त आहे का, हेही तिथेच कळते. यातले काहीच लिहिलेले नसेल, तर ती बाटली कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्यावी.

तिसरा मुद्दा रेडिएटरचा. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडरसारख्या गाडीत मूळचा तांबे-पितळेचा रेडिएटर असेल, तर जुन्या पद्धतीचे आयएटी कूलंट घेऊन ते दर दोन वर्षांनी बदलणे सुरक्षित. नव्वदच्या दशकानंतरच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर आहे. तिथे कंपनीने सांगितलेला प्रकार घ्यावा.

जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि आत काय आहे हे ठाऊक नसेल, तर अंदाजाने भर घालू नये. जुने सगळे काढून, आतून धुऊन, एकच प्रकार भरावा. दोन भिन्न प्रकार मिसळले की दर वेळी गाळ होतोच असे नाही, पण काही मिश्रणांत चिकट गाळ धरतो. गाळ झाला नाही तरी गंजरोधकांचे आयुष्य घटते आणि पाच वर्षांच्या कूलंटचे पैसे देऊन दोन वर्षांचेही संरक्षण मिळत नाही.

‘रेडी टू यूज’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ यांत गोंधळ का होतो?

दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच असतात. ‘रेडी टू यूज’ म्हणजे पाणी आधीच मिसळलेले. त्यात आणखी पाणी घातले, तर ते पातळ होते. ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे अर्क. तो तसाच ओतणे ही उलट चूक. शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा खूप कमी उष्णता वाहून नेते आणि उणे १२-१३ अंशांनाच गोठते. म्हणजे जास्त अर्क घातला तर जास्त गारवा मिळतो, हा समज खोटा आहे. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते, तेच पाळावे.

मिसळायला पाणी डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित हवे. पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात ‘बॅटरी वॉटर’ म्हणून मिळते ते चालते. फक्त ती बाटली पाण्याचीच आहे, बॅटरीच्या ॲसिडची नाही, याची लेबल वाचून खात्री करावी. घरच्या आरओचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरे, पण ते पूर्ण क्षारमुक्त नसते. अडचणीला ठीक, नेहमीसाठी नाही.

पातळी कुठे पाहायची? बाटली भरलेली असूनही गाडी का तापते?

पातळी पाहायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागी, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्याआधी. पण कुठे पाहायची, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे.

मारुती ८०० किंवा सँट्रोसारख्या गाड्यांत रेडिएटरवर स्वतंत्र झाकण असते आणि बाजूला एक पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली असते. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावते आणि झाकणातल्या व्हॉल्व्हमधून बाटलीत येते. इंजिन थंड झाले की आत निर्वात होऊन तेच कूलंट परत खेचले जाते. झाकणाचे रबर फाटले किंवा बारीक नळीला चीर गेली, तर परत खेचण्याऐवजी आत हवा शिरते. मग बाटली ‘मॅक्स’च्या खुणेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती होते. जुन्या गाडीत फक्त बाटली पाहून समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे. महिन्यातून एकदा, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट गळ्यापर्यंत आहे का ते पाहावे.

फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण नसते. टाकीच दाबाखाली असते आणि तिथेच कूलंट भरायचे असते. दोन्ही प्रकारांत पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ यांच्या मध्ये असावी. काठोकाठ भरू नये, प्रसरणाला जागा लागते.

गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नये. आत १०० अंशांच्या वर गेलेला द्रव केवळ दाबामुळे उकळायचा थांबलेला असतो. झाकण सैल होताच दाब जातो, क्षणात वाफ होते आणि उकळते कूलंट थेट चेहऱ्यावर, हातावर उडते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. रेडिएटरचा वरचा जाड पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड कापड धरून झाकण हळू फिरवावे. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो. हात, ओढणी, उपरणे त्यापासून लांब ठेवावे.

दर महिन्याला थोडे थोडे घालावे लागते. हे नैसर्गिक आहे का?

नाही. पेट्रोलसारखे कूलंट ‘खर्च’ होत नाही. यंत्रणा जवळपास बंदिस्त असते. वर्षभरात बोटभर पातळी उतरणे समजण्यासारखे आहे. दर महिन्याला भर घालावी लागत असेल, तर ते कुठेतरी जाते आहे.

साध्या पाण्याने भर घातल्यास काय होते, याचा हिशेब पाहू. गाडीत ४ लिटर निम्मे-निम्मे मिश्रण आहे. दर महिन्याला पाव लिटर गळते आणि तेवढेच पाणी घातले जाते. आठ महिन्यांत ग्लायकॉलचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांवर येते, वर्षभरात २३ टक्क्यांवर. गंजरोधकेही त्याच प्रमाणात घटतात. वरून पातळी नेहमी बरोबर दिसते आणि आत मात्र मुख्यतः पाणीच फिरत असते.

गळती शोधताना पुढील जागा पाहाव्यात. पाइपांची टोके आणि क्लिपा. प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडली आहे ती कड. वॉटर पंपाच्या खालचे बारीक छिद्र. आतला हीटर : पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचे मॅट ओले होते आणि गोडसर वास येतो. वाळलेल्या कूलंटचा पांढरा किंवा रंगीत डाग हा पक्का पुरावा.

बाहेर कुठेच थेंब नाही, तरी पातळी उतरते, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, इंजिन सुरू असताना टाकीत बुडबुडे ही त्याची लक्षणे. अशा वेळी कूलंट घालत राहण्यात अर्थ नाही, मेकॅनिकला दाखवावे.

रस्त्यात गाडी तापलीच तर?

काटा वर चढू लागताच एसी बंद करावा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावावा. घामाघूम व्हाल, पण इंजिनची काही उष्णता त्यातून बाहेर निघते. तरीही काटा उतरला नाही किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ‘पुढच्या वळणावर गॅरेज आहे’ म्हणून रेटलेले दोन किलोमीटर हेड वाकवायला पुरेसे असतात. कूलंट पूर्ण गेले असेल, तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीच दिसू शकतो. म्हणून वाफ, वास किंवा आवाजातला बदल जाणवला तर काट्यावर विसंबू नये.

तापलेल्या इंजिनमध्ये एकदम थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन थंड झाल्यावर जे स्वच्छ पाणी मिळेल ते घालून घर गाठायला हरकत नाही. मात्र नंतर ते सगळे काढून नवे कूलंट भरून घ्यावे. गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय आणि बाजारात मिळणारी लीक बंद करणारी पावडर यांचे तत्त्व एकच : कण अडकून छिद्र बुजते. ते कण चांगल्या नळ्याही बुजवतात.

‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला ऐकावा का?

उष्ण भागांत हा सल्ला हमखास मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि तोवर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, जेणेकरून इंजिन लवकर योग्य तापमानाला यावे. तो काढला की इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, इंधन जास्त लागते, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचा मार्ग बंद करतो. तिथे तो काढल्यास काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून जाते आणि गाडी चढावर उलट अधिक तापते. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा बसवावा. पंखा ‘डायरेक्ट’ करून घेणेही तसेच. बिघडलेला स्विच किंवा रिले बदलणे हाच खरा उपाय.

पूर्ण बदलताना काय काळजी घ्यावी?

थंड इंजिनवर जुने कूलंट काढून, हीटर गरमवर ठेवून, डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन चालवावे आणि थंड झाल्यावर पुन्हा रिकामे करावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे. धुतल्यावर इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरेच पाणी उरते. त्यावर ‘रेडी टू यूज’ ओतले, तर प्रमाण बिघडते. म्हणून अशा वेळी अर्क सोयीचा : क्षमता ४ लिटर असेल आणि निम्मे-निम्मे मिश्रण हवे असेल, तर आधी २ लिटर अर्क भरावा आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने. आत अडकलेली हवा निघाल्यावर पातळी उतरते, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी तपासावे. झाकण जुने असेल, तर याच वेळी तेवढ्याच दाबाचे नवे घ्यावे. तारीख, किलोमीटर आणि कूलंटचा प्रकार कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावा. पुढच्या वेळी मेकॅनिक बदलला तरी अंदाज बांधावा लागणार नाही.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते. मुले, कुत्री-मांजरे ते चाटू शकतात आणि थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही साठवू नये. कुणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता कूलंटची बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. सुरुवातीला माणूस फक्त नशेत असल्यासारखा वाटतो, त्यामुळे त्रास दिसण्याची वाट पाहू नये.